पिवळ्यावर हिरवा

अहो,

आईंचा रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. तुमचा फोन कंपनीच्या गेटवर जमा, म्हणून चिठ्ठी ठेवतेय. मी त्यांना दवाखान्यातून आणायला गेलेय. पिठलं-भाकरी झाकून ठेवलीय. आज तरी पोटभर जेवा.

टेबलावरचं ग्रीटिंग मुलांनी आजीसाठी केलंय. तुमचे माल तपासणीचे स्टिकर वापरले म्हणून रागावू नका. परवा राजवीरनं आजीच्या चित्रावर पिवळा लावला, "निकाल लागेपर्यंत पिवळाच असतो" म्हणाला. आता त्यावर हिरवा लावायचाय. तो फक्त बाबाच लावतात म्हणे, म्हणून दोघं शेजारी तुमची वाट बघत बसलीत.

नापास मालाचा लाल रोल मी त्याच दिवशी लपवला होता. पिठाच्या डब्यामागे आहे. उद्या कंपनीत परत नेऊन टाका.

विजयश्री