मार्लिसच्या आईचं लायलॅक

६ एप्रिल
बर्फ वितळला. लायलॅकचं, वासाच्या फुलांचं झुडूप ड्राइव्हवेच्या अंगाला अर्धं वाळलंय. मार्लिसने लग्नानंतर आईच्या शेतावरून आणून लावलेलं. आई गेली, शेत विकलं, तिच्याकडे उरलंय ते एवढंच. सध्या ती बहिणीकडे अ‍ॅरिझोनात. १८ मेला येणार. फोनवर विचारलं, "माझं लायलॅक कसं आहे रे?" म्हटलं, झकास. बायकोच्या जिवाला उगाच घोर कशाला? तोवर रोग शोधून बरा करतो.

७ एप्रिल
पद्धत सोपी. नखाने साल खरवडायची. आत हिरवं तर फांदी जिवंत, तपकिरी तर मेली. चौदा तपासल्या, सात हिरव्या.

१३ एप्रिल
रोज तपासतोय. हिरव्या होत्या त्या जागाही आता तपकिरी. साथ पसरतेय! शेजारची डेलोरिस म्हणाली, "रोज एकाच जागी खरवडलं तर तुझंही तेच होईल." अडाणी बाई.

१९ एप्रिल
गुन्हेगार सापडले. ससे! भोवती जाळी ठोकली. डेलोरिस कुंपणावरून ओरडली, "ससे कसले, नॉर्बर्ट? बर्फ वितळवायला हिवाळाभर ड्राइव्हवेवर पोत्याने मीठ ओतलंस. तो खारट बर्फ यंत्राने कुणावर उडवलास? त्याच अंगाला वाळलंय बघ!"
शास्त्र इतकं सोपं नसतं, हे तिला समजावलं. नंतर मुळाशी तासभर पाणी सोडलं. वेगळ्या कारणासाठी.

२ मे
दुसऱ्या अंगाला कळ्या धरल्यात. डेलोरिसने बजावलं, तिकडे कात्री लावू नकोस. लावणार नाही. संयम माझ्या रक्तातच आहे.

३ मे
फक्त वाळलेलं कापलं. मग झुडूप एकीकडे झुकल्यासारखं दिसायला लागलं. म्हणून दुसरी बाजू जराशी सारखी केली. मग पुन्हा पहिली. आता गुडघ्याएवढं उरलंय, पण चहूबाजूंनी सारखं. रोग समूळ गेला.

१७ मे, रविवार, सकाळी ९:४०
गल्लीभर लायलॅक फुललंय, आमचं सोडून. डेलोरिस चर्चला गेलीय. तिच्या झुडपाच्या सहा जांभळ्या फांद्या उसन्या घेतल्या, आमच्या खुंटांना हिरव्या तारेने बांधल्या. लांबून फारच छान दिसतंय. मार्लिसला काही कळणार नाही.

१८ मे
मार्लिस आली. हातातली बॅगही न ठेवता थेट झुडपाकडे. वाकून बराच वेळ वास घेतला. मी म्हटलं, हिवाळा भयंकर होता, पण जगवलं.
ती सावकाश उभी राहिली. म्हणाली, "नॉर्बर्ट, आईचं लायलॅक पांढरं होतं."
एकेचाळीस वर्षं. मला खरंच माहीत नव्हतं.