हिवाळी नियमाचा कागद

तांडापेठ, नागपूर
रविवार, ता. १९ जानेवारी १९५८

गं. भा. मैनावहिनी यांस,
रुपरावचा नमस्कार.

तुमच्या नावामागे गं. भा. पहिल्यांदाच लिहिले. आधी सवयीने सौ. लिहून गेलो होतो, म्हणून तो कागद फाडून हा दुसरा घेतला.

इकडे ठीक आहे. आईचा खोकला कमी आहे. थंडी मात्र यंदा फार. संक्रांत आपल्या घरी झाली नाही. तुमच्या वडिलांनी, नानाजींनी, मोटारीतून पाठवलेली संत्री पोचली. आईने एकही खाल्ले नाही, शेजारी वाटून टाकली. चि. पुष्पा शाळेत जाऊ लागली का?

दादाच्या तेरवीला मी काटोलहून लवकर निघालो. मोटार चुकेल असे सांगितले. मोटारीला अजून दोन तास होते.

निघताना तुम्ही दारात विचारले होते, "भाऊजी, खरं सांगा, त्यायनं क्लबात लबाडी केली होती का?" नानाजी आतून म्हणाले, "आता काहून उकरून राहिली वं? गेला बिचारा." मी पाणी मागितले, प्यालो आणि चपला घातल्या.

त्या प्रश्नासाठी हे पत्र आहे. आधी थोडे खेळाचे सांगावे लागेल, कारण तुम्ही तो पाहिलेला नाही.

गोल्फमध्ये चेंडू जिथे पडेल तिथूनच मारायचा. हात लावायचा नाही. पण हिवाळ्यात आपली काळी माती फाटते, गवत वाळते आणि चांगला मारलेला चेंडूही भेगेत जाऊन बसतो. म्हणून क्लब दरवर्षी १५ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी हिवाळी नियम लावतो. चेंडू उचलावा, पुसावा, वीतभर अंतरात बऱ्या जागी ठेवावा. त्याला दंड नाही. सामनेही साडेसहाऐवजी साडेआठला सुरू होतात, कारण भोकाभोवतीची वाळू दवाने भिजली की चेंडू पुढे जात नाही. ती वाळू तेलात मळलेली असते. दादा ती सारखी करून यायचा तेव्हा त्याच्या पायांना तेलाचा वास यायचा, तुम्हाला आठवत असेल.

हे सर्व कागदावर लिहून बोर्डावर लावायचे आणि मुदत संपली की काढायचे, हे माझे काम. बोर्डावर कागद असेल तर नियम आहे. नसेल तर नाही.

१९५५ साली ३१ जानेवारीला मी रिवाजाप्रमाणे कागद काढला. पण त्या वर्षी जमीन सुधारलीच नव्हती. मेंबर लोकांनी कुरकुर केली, म्हणून गुरुवारी कमिटीने मुदत १५ फेब्रुवारीपर्यंत वाढवली. सेक्रेटरीसाहेबांनी सही केलेला कागद माझ्या हाती दिला आणि ते जबलपूरला गेले. मला त्याच वेळी एका मेजवानीची यादी टाइप करायची होती. कागद खणात ठेवला.

त्या दिवशी जेवताना दादाला सांगितले, "दादा, नियम वाढला. पंधरा तारखेपर्यंत." तो म्हणाला, "बरं झालं गा. मैदान तर पार फाटून राहिलं." घरी सांगितले म्हणजे काम झाले, असे माझ्या मनाने धरले असावे. कागद खणातच राहिला.

रविवारी नोकरांचा कप होता. जिंकणाऱ्याला मार्करची जागा मिळणार होती. म्हणजे साहेब लोकांना खेळ शिकवायचा, आणि राहायला क्वार्टर. दादाने वीस वर्षे त्यांच्या पिशव्या वाहिल्या होत्या. मी मॅट्रिक झालो तो त्या पिशव्यांवर. शेवटी दादा आणि देवराव माळी असे दोघे उरले. देवराव हसत म्हणाला, "श्रावण, जिंकला तर वहिनीले क्वार्टरात घेऊन येजो, अन् मले रोज चहा पाजजो." दादा म्हणाला, "अन् साखर तू आणजो."

शेवटच्या भोकाला दादा एका फटक्याने पुढे होता. चेंडू भेगेत गेला. त्याने सर्वांसमोर उचलला, धोतराला पुसला आणि वीतभर बाजूला ठेवला. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. एक मेंबर ओरडले, "अच्छी हाथ की सफाई है!" लोक हसले. क्लबचे कॅप्टनसाहेब गुरुवारच्या कमिटीला नव्हते. त्यांनी मला बोलावून विचारले, "हिवाळी नियम चालू आहे का?"

मला खण आठवला. डिसेंबरातच एका सामन्याची चुकीची वेळ लावली म्हणून मला लेखी ताकीद मिळाली होती. नोकरी कच्ची होती.

मी म्हणालो, "बोर्डावर कागद नाही, साहेब."

दादाने माझ्याकडे पाहिले. एकदाच. मला वाटले, आता तो म्हणेल की याच भावाने मला सांगितले. तो म्हणाला, "माही गलती झाली, साहेब."

दोन फटक्यांचा दंड झाला. दादा एकाने हरला.

संध्याकाळी त्याच्या समोर ताटावर बसलो आणि नुसती भाकर मोडत राहिलो. तोच म्हणाला, "जेव गा. तुही नोकरी पक्की होऊ दे." महिन्याभरात तो तुम्हाला घेऊन काटोलला गेला आणि बाजारात संत्र्यांच्या करंड्या उचलू लागला. एप्रिलमध्ये माझी नोकरी पक्की झाली. तुम्हालाही त्याने काही सांगितले नाही, हे मला तुमच्या प्रश्नावरून कळले.

काल मी तो कागद घेऊन सेक्रेटरीसाहेबांपुढे उभा राहिलो आणि सर्व सांगितले. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, "सही माझीच आहे. पण जुनी गोष्ट झाली, रुपराव. आता तो माणूसही राहिला नाही." मग यंदा मुदत वाढवावी लागेल का, ते विचारले. माझ्या नोकरीला काही झाले नाही. ज्याला मी तीन वर्षे भ्यालो ते पाच मिनिटांत संपले. तेव्हाही कदाचित पाचच मिनिटे लागली असती.

कागद सोबत पाठवत आहे. खाली सही आहे आणि तारीख आहे, ३ फेब्रुवारी १९५५. नानाजींना वाचून दाखवा. पुष्पा मोठी झाली की तिच्याजवळ द्या. बोर्डावरून काढलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यांना टाचणीची भोके असतात. याला एकही नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की, दादाने लबाडी केली नाही. या पत्राला तुमचे उत्तर आले नाही तर मी समजेन.

दादाने आपली म्हणून सांगितली ती गलती ज्याची होती, तो
तुमचा दीर
रुपराव