बाटलीवरच्या खुणा

औंढे,
मार्गशीर्ष वद्य पंचमी

प्रिय सोपान,

पत्र वाचून आधी चिडशील. चिडून झालं की पुन्हा पहिल्यापासून वाच. बाळंतपण झालं, पोरगी तीन महिन्यांची झाली, आता परंदवडीला सासरी जायला हवं. पण आईला अशी टाकून माझा पाय निघत नाही.

आषाढात तिच्या खोकल्यावर तुझ्या डॉक्टरांनी चार दिवसांचं औषध दिलं. तू त्यांचा कंपाउंडर, म्हणून आम्ही निर्धास्त. खोकला श्रावणातच गेला, बाटली मात्र अजून येतेय. नथू लोणावळ्याला दूध घालायला जातो, तोच आणतो. त्याला उशीर झाला की आईला जांभयांवर जांभया, नाक-डोळे गळतात, पोटात कळा. कुणाला वाकडं न बोलणारी बाई माझ्या अंगावर धावून येते. औषध पोटात गेलं की भिंतीला टेकून डुलत बसते.

आधी माझा संशय नथूवर. मेला वाटेत घोट घेऊन ओढ्याचं पाणी भरत असेल! बुचाला दोरा बांधून पाहिला, दोरा जसाच्या तसा. मग शेजारच्या धोंडाबाईवर. तिच्याशी उगाच भांडले, आता ती बोलत नाही. शेवटी आईलाच विचारलं, चोरून घेतेस का? रडायलाच लागली रे. म्हणाली, माज्या लेकरांची आन, येक खूण सकाळी, येक सांजच्याला, वर थेंब न्हाई.

खरंच बोलत होती. काल फडताळात आषाढातली बाटली सापडली, ती आताच्या बाटलीशेजारी ठेवली. दोन्ही एकाच मापाच्या. डोस कळावा म्हणून तुम्ही कागदाची कातरलेली पट्टी डकवता ना? जुनीवर आठ खुणा, नवीवर चार! आईची एक खूण दुप्पट झाली आणि तिला पत्ताच नाही. कातर तुझीच, पतंगाच्या शेपटीला द्यायचास तशी तिरकी. उतार पडत नाही असा तिचा निरोप आला की तू खूण मोठी केलीस, होय ना? मायेनंच केलंस, कळतं मला. पण डॉक्टरांना ठाऊक आहे, की मागच्या दारानं चाललंय?

हे सगळं मी संक्रांतीला तोंडानंच बोलले असते. पण आज धुणं धुऊन आले तर पोर पाळण्यात निपचित, डोळा उघडेना. आई कौतुकानं सांगते, किरकिरत व्हती, मामाच्या औषदाची अर्दी खूण दिली, बग कशी गुनाची झोपलीया. पोरीला आणि बाटल्यांना पदराखाली घेऊन लोणावळ्याला धावले. तुझ्या दवाखान्यासमोरूनच गेले, सोपान. तू दारात उभा होतास. तुझ्याकडे यायचा मला धीर झाला नाही. पुढच्या डॉक्टरांकडे गेले. दुपारी पोर रडली, अंगावर प्यायली. त्यांनी वास घेऊन सांगितलं, यात अफू आहे. आईचं एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा. औषध कुणी दिलं म्हणून विचारलं. रविवारपर्यंत मुदत मागून आलेय. तेवढ्यात तुझ्या डॉक्टरांना सगळं सांग, आणि आता ते सांगतील तशा पट्ट्या उलट्या काप, चाराच्या पाच, पाचाच्या सहा. दोन्ही बाटल्या माझ्या पेटीत आहेत, किल्ली कमरेला.

तुझीच,
रतनआक्का