तांदळाच्या डब्यातली शिट्टी

बनशंकरी, गुरुवार सकाळ

प्रिय महांतेश,

अनेक आशीर्वाद. रघुपती रिक्षावाला तुमच्या एचएसआर लेआउटकडे निघालाय, त्याच्या हाती डबा देतेय आणि डब्याखाली हे पत्र. आधी वाच, मग जेव. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलंय. फोन का नाही केला म्हणशील, तर तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि मला जे सांगायचंय ते सुनेसमोर, भव्यासमोर, तोंडातून निघायचं नाही.

काल तू म्हणालास, "आई, ऑस्कर नाही शिकत तर राहू दे, तुला किती त्रास. रविवारी कनकपुरा रोडचा फार्मवाला येऊन त्याला कायमचा घेऊन जाईल." मी "सरी, बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग जेवण काही गेलं नाही.

श्रावणात तू तुमच्या या कुत्र्याला इथे आणून सोडलंस, ते आठवतं? महिनाभरात वळण लाव म्हणालास, नाहीतर सोसायटीवाले ठेवू देणार नाहीत. दार उघडं दिसलं की पळतो, हाक मारली तर ऐकत नाही. पण त्याची चूक नव्हती रे. भव्या त्याला इंग्रजीत सांगणार, तू हिंदीत, तुमची स्वयंपाकाची अक्का कन्नडात. बिचाऱ्याने ऐकायचं कुणाचं? त्यात मी मराठीत ओरडून चौथी भाषा घातली. चार दिवस नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला. पाचव्या दिवशी मी कपाटातून माझी शिट्टी काढली.

कंडक्टरकीतून रिटायर झाले तेव्हा तिकिटाचं मशीन आणि बॅग जमा केली, शिट्टी तेवढी ठेवून घेतली होती. सव्वीस वर्षं सिटी बसमध्ये गळ्यात होती ती. तुझी आजी निपाणीहून आली तेव्हा मी तिला हौसेने माझ्या बसमध्ये बसवलं, तर बाईमाणूस शिट्टी मारतं म्हणून ती आख्खा रूट पदर तोंडाला लावून बसली. गावी जाऊन मात्र शेजारणींना सांगत सुटली, माझ्या लेकीने फुंकल्याशिवाय बंगळूरची बस जागची हलत नाही.

तेच मी ऑस्करला शिकवलं. एक लांब शिट्टी म्हणजे थांब, दोन छोट्या म्हणजे चल. आणि तीन मारल्या की डेपोत परत, म्हणजे माझ्याकडे. आधी खोलीत, मग जिन्यात, मग गच्चीवर, मग गळपट्ट्याला कपडे वाळत घालायची लांब दोरी बांधून बागेत. ऐकलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. नाही ऐकलं तर रागवायचं नाही, फक्त अंडं नाही. माझा ड्रायव्हर शिवकुमार असाच वळणावर आला होता, त्याला अंड्याऐवजी बडीशेप लागायची.

पण माझी अक्कल बघ. शिकवली बसची भाषा, आणि फिरायला नेते बसस्टॉपवरून! कंडक्टरने दोन मारल्या की हा निघाला बसमागे, एक मारली की बसला भर फुटपाथवर. एकदा अशी झेप घेतली की मी गुडघ्यावर आपटले. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून तुला सांगितलं होतं ना, तो हाच पाय. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मग सगळं पहिल्यापासून केलं. आधी एक बारीक टुर्र, मग हुकूम. टुर्र ऐकू आली तरच शिट्टी माझी, नाहीतर ती बसची, तिकडे लक्ष द्यायचं नाही. हे त्याला आठ दिवसांत कळलं. शिवकुमारला कळलं नसतं.

एका सकाळी बागेत दोरी हातातून सुटली आणि मांजर बघून हा सुसाट फाटकाकडे निघाला. बाहेर मोठा रस्ता, पाण्याचा टँकर येत होता. मी शिट्टी तोंडाला लावली, फुंकर बरोबर गेली. टुर्र आणि एक लांब. ऑस्कर फाटकाच्या आत जागच्या जागी बसला, मांजर गेलं तरी बसलेला. मग तीन मारल्या तर धावत येऊन माझ्या पायावर डोकं टेकलं. मी तिथेच बाकावर बसून रडले, शेजारच्या अंबुबाईने पाणी आणून दिलं. तेव्हापासून बागेतले लोक मला कंडक्टर अक्का म्हणतात. रिटायर झाल्यापासून चार वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. सकाळी सहाला हा चपलांपाशी येऊन बसतो आणि मला उठावंसं वाटतं. फार बरं चाललंय रे माझं.

आता खरं सांगते. ही बागेतली गोष्ट दसऱ्याच्या आधीची. तुम्ही दसऱ्याला जेवायला आलात त्या दिवशी मी शिट्टी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली, आणि तो भव्याच्या नव्या साडीवर उड्या मारत होता तेव्हा कपाळाला हात लावून बसले. फोनवर रोज 'याने वैताग आणलाय' म्हणायचे, कारण शिकला म्हटलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी येऊन नेला असतास. माझं रडगाणं तू खरं मानलंस आणि माझीच काळजी वाटून फार्मवाला शोधलास. तुझा काही दोष नाही, पण त्या माणसाला आजच नको म्हणून कळव. भव्याचा ऑस्करवर जीव आहे, तो तिने आणलेला. तिने मागितला तर शिट्टीसकट देईन, सगळं शिकवीन, तक्रार करणार नाही. पण तिला विचारण्याआधी माझं ऐक. तुझे बाबा गेल्यापासून तू दर सणाला विचारतोस, आई, तुला काय हवं, आणि मी म्हणते, मला काय करायचंय, काही नको. या दिवाळीला तू विचारायच्या आधीच सांगते. महांतेशा, मला ऑस्कर हवाय.

तुझीच खोटारडी,
आई