आडावरचे झाकण

मी, कु. राजकन्या मल्लिनाथ बिराजदार, वय ३४ वर्षे, व्यवसाय कादंबरीलेखन, राहणार मौजे काटेसांगवी, तालुका निलंगा, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र शुद्धीत राहून लिहून ठेवते. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. बुद्धी शाबूत आहे, असा डॉ. हरिओम सोळुंके यांचा दाखला सोबत जोडला आहे. 'कोणाच्याही दबावाखाली नाही' असे या जागी लिहिण्याची रीत आहे. मला ते लिहिता येत नाही, कारण ते खरे नाही. दबाव आहे, मात्र मी हे लिहू नये असा आहे.

बोलणाऱ्या फोनवर मी हे स्वतः टंकले आहे. छापलेला कागद मला वाचता येत नाही, म्हणून साक्षीदार तो शब्दन् शब्द मोठ्याने वाचतील, आणि सही मी त्यानंतर करीन.

१. माझे लग्न झालेले नाही. आईवडील हयात नाहीत. काही न लिहिता मी मेले तर माझे सगळे थोरला भाऊ सुदाम याच्याकडे जाईल, न छापलेली कादंबरीसुद्धा. तसे होऊ नये, यासाठीच हा खटाटोप.

२. आजोबा शिवमूर्ती निजामाच्या शाळेत शिकलेले. मला शाळेत घालण्याआधी त्यांनीच ओसरीवर बसवून मराठी आणि उर्दू, दोन्ही अक्षरे गिरवून घेतली. त्या उर्दूच्या जोरावर मी जुने कागद वाचले आणि दोन ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. आजोबांची उर्दू पुस्तके नांदेडच्या ऋतुजा भालके हिला द्यावीत. गेली नऊ वर्षे ती मला फोनवरून वाचून दाखवते आणि कंटाळा आला की तसे स्पष्ट सांगते. सत्कारात मिळालेल्या शाली ज्यांना थंडी वाजते त्यांना द्याव्यात. त्या सत्कारांत वक्ते माझ्या डोळ्यांवर बोलले. पुस्तक कोणी वाचलेले नव्हते. एकाने तर माझ्यासमोरच मला 'स्वर्गीय' म्हटले. त्याला शाल देऊ नये.

३. घरातील माझा अर्धा हिस्सा मी वहिनी सौ. अयोध्या हिला देते. पुढे तिच्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचूनही हे कलम कोणी बदलू नये. वडिलांचे मनगटी घड्याळ दादाला. मी बारा वर्षांची असताना दिवेलागणीनंतर मला उंबरा दिसेनासा झाला. लातूरच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार आहे, हळूहळू सगळेच जाईल, असे सांगितले. घरी आल्यावर दादाने माजघरापासून न्हाणीपर्यंत सुतळी बांधली आणि सगळ्यांना दम भरला, "हिच्या वाटंतली वस्तू कुणी हलवायची न्हाई. हलवली तर माझ्याशी गाठ हाय." ते मी विसरलेले नाही, म्हणून पुढचे कलम लिहिताना मला अनेकदा थांबावे लागले.

४. माळ्यावर एक पिंजण आहे, कापूस पिंजायची लाकडी कमान. ती आमची नाही. आमच्या गावच्या दस्तगीर पिंजाऱ्याची आहे. १९४८ साली निजामाविरुद्ध झालेल्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत तो बायकामुलांसह गाव सोडून उदगीरकडे गेला आणि जमीन व ही पिंजण माझ्या पणजोबांकडे सांभाळायला देऊन गेला. काही महिन्यांनी तो एकटाच जमीन परत मागायला आला. पणजोबांनी त्याला जेवू घातले आणि मागच्या अंगणातल्या आडात लोटले. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. त्यांनी ते दारातून पाहिले आणि मरायच्या आधी मला सांगितले. त्या जमिनीत आज दादाचे सोयाबीन आहे. पिंजण उदगीरकडे दस्तगीरचे कोणी वंशज सापडले तर त्यांना, माफीच्या शब्दासह, द्यावी.

माझ्या नव्या कादंबरीचे तेरावे प्रकरण हेच आहे. चुलते आप्पासाहेब यांना मी ते स्वतः बोलणाऱ्या फोनवरून ऐकवले. त्यांच्या आजोबांबद्दल त्यांच्या पाठीमागे लिहिणे मला बरे वाटेना.

"पोरी, लिहायचंच तर राजेरजवाड्यांचं लिही," काका म्हणाले. "मेलेलं मढं कशाला उकरून राहिलीस?"

"म्हणजे मढं आहे, काका?"

ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी आड मुरूम टाकून बुजवायचा, असे घरात ठरले. मी आडाजवळ खाट टाकून बसले, तेव्हा ते राहिले.

५. गेल्या मंगळवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे न्हाणीकडे निघाले. ही वाट आडाच्या कडेने जाते. आडाला कठडा नाही. जाड फळ्यांचे झाकण असते आणि ते उचलायला दोन माणसे लागतात. त्या सकाळी माझी काठी फळीवर वाजली नाही. ती खाली गेली.

जेवताना मी विचारले, "आडावरचं झाकण कुणी काढलं?"

"वाऱ्यानं सरकलं असंल," दादा म्हणाला.

"दोन माणसांचं झाकण वाऱ्यानं सरकतं?"

वहिनी भाकरी थापत होती. तिच्या बांगड्या थांबल्या. "मला नका इचारू, ताई," ती म्हणाली.

काकांनी झाकण काढले, असे मी म्हणत नाही. त्या दिवशी ते लातूरला होते. मी चौकशी करून खात्री केली. अंगणाच्या दाराला आतून कडी होती. घरात आम्ही तिघेच होतो. माझा संशय खोटा ठरला तर मी दादाचे पाय धरीन. तो खोटा ठरावा अशी माझी इच्छा आहे, हेही नोंदवून ठेवते.

६. कादंबरी कालच नांदेडला ऋतुजाकडे पोचली आहे. तिचे सर्व हक्क मी ऋतुजाला देते आणि तिलाच या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. तेराव्या प्रकरणातील एक ओळही गाळू नये. मी आजारपणाने मेले, पडून मेले किंवा कशीही मेले, तरी आधी पोलिसांसमक्ष आड उपसावा. आत काही निघाले नाही तर तसे शेवटच्या पानावर छापावे.

७. हे मृत्युपत्र गुप्त ठेवायचे नाही. ते माझ्या हयातीतच घरच्यांसमोर वाचावे, म्हणजे मी मेल्याने प्रकरण मिटेल असे कोणाला वाटत असेल तर त्याचा तो समज जाईल.

पुरवणी, सही करण्यापूर्वी टंकलेली.

वरील मजकुराचे वाचन आज दुपारी आमच्या ओसरीवर झाले. साक्षीदार लक्ष्मम्माबाई वाचत होत्या, दुसरे साक्षीदार डॉ. सोळुंके शेजारी बसले होते. "लग्नपत्रिका छापायच्या वयात मृत्युपत्र!" असे म्हणून काका सुरुवातीला हसले. पाचवे कलम संपल्यावर मी विचारले, "दादा, ऐकलंस ना?"

उत्तर आले नाही.

"हाय की. तुझ्या म्होरंच बसलाय," काका म्हणाले.

"राजकन्या, समोर कुणी नाही," लक्ष्मम्माबाई म्हणाल्या. "तो मघाच उठून मागं गेला. मला वाटलं, तुला कळलं असेल."

मला पाऊल ऐकू आले नव्हते. चपला हातात घेऊन गेला, असे डॉक्टरांनी सांगितले.

उरलेली दोन कलमे वाचून झाल्यावर वहिनीने माझ्या हातात पिशवी दिली. मी चाचपून पाहिली. कपडे, चार्जर, आईचा फोटो. पिशवी भरायला मी कोणाला सांगितले नव्हते. "सही तिकडंच करा, ताई. आज हितं राहू नका," ती माझ्या कानाशी बोलली. मी तिचा हात धरला आणि तूही डॉक्टरांच्या गाडीत बस, असे म्हणाले.

"मी आले तर झाकण कोण लावंल? त्याला दोन माणसं लागत्यात," ती म्हणाली आणि हात सोडवून मागच्या अंगणात गेली.

स्थळ : निलंगा, डॉ. सोळुंके यांचा दवाखाना
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२४

(सही) राजकन्या मल्लिनाथ बिराजदार

पुरवणीसह सर्व मजकूर आम्ही लिहून देणारीस वाचून दाखवला, तिने तो बरोबर असल्याचे सांगितले व आम्हा दोघांसमक्ष सही केली. आम्हांला यातून काहीही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. (सही) डॉ. हरिओम सोळुंके, निलंगा
२. (सही) श्रीमती लक्ष्मम्मा अंकम, निवृत्त शिक्षिका, निलंगा