सात नापास मशिनी

३ फेब्रुवारी

आमच्या मालकांनी, बबनरावांनी, आज मुदत दिली. ३१ मार्चपर्यंत लिंक्डइनवरून दहा खऱ्या चौकशा — नाहीतर माझं टेबल उचलणार! "मयुरी, तू पोरगी हुशार हायस. पन वर्कशॉपात बसून दिवसभर मोबाइल पाह्यते, त्या मान्साले काय म्हनू मी?"

खरी चौकशी म्हणजे ज्याला पेरणीयंत्र घ्यायचंय, जो पत्ता विचारतो आणि नंतर फोन उचलतो, असा माणूस. आत्तापर्यंत असे शून्य. एक आला होता, तो मलाच विमा विकायला निघाला.

नाही जमलं तर पुण्याला अनुपदादाकडे राहून नोकरी शोधायची, हे घरात ठरल्यासारखंच आहे. मला नाही जायचं! पवनारहून सकाळची बस, खिडकीची जागा, मग एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप, तो लोखंडाचा वास — मला हेच आवडतं. कुणाला सांगितलं तर हसतील. म्हणून इथे लिहिते.

६ फेब्रुवारी

कल्पना शोधतेय. दिवसभर लोकांच्या पोस्ट वाचल्या. तिथे जो तो काहीतरी कळवताना आनंदित असतो, आणि वर नम्र! एकाची बस चुकली, त्यातून तो म्हणे नेतृत्व शिकला. माझी आठवड्यातून दोनदा चुकते. मी एवढंच शिकले की पुढच्या बसनं उभ्यानं जावं लागतं.

शेवटी मोबाइललाच विचारलं, बाबा, तूच कल्पना दे. दहा दिल्या त्यानं. पहिली — 'पडद्यामागची झलक दाखवा'. आमच्याकडे पडदा कुठला? शटर आहे, तेही अर्ध्यात अडकतं.

९ फेब्रुवारी

'आईकडून शिकलेली व्यवस्थापनाची पाच सूत्रं' टाकली. एकोणीस लाइक! त्यातले चौदा कॉलेजचे, म्हणजे मुलाहिजा.

आईला वाचून दाखवली. भाकरी थापता थापता थांबली. "म्या कधी सांगतलं तुले हे?"

म्हटलं, तुझ्या वागण्यातून शिकले गं.

"मंग खोटं काऊन लिवतं व? मी तं दहा वर्सांपासून एकच सांगून राह्यली — आंग धुतल्यावर टॉवेल वाळू घाल."

टॉवेल तेव्हाही खाटेवरच होता.

१७ फेब्रुवारी

धाम नदीच्या काठी मांडीवर लॅपटॉप घेऊन फोटो काढायला गेले. मथळा तयार होता — 'कामाला भिंती नसतात'. एका बकरीनं चार्जरची वायर चघळायला घेतली. भिंती असलेल्या बऱ्या!

२४ फेब्रुवारी

एक चौकशी आली!! त्याला शिलाई मशीन हवी होती.

५ मार्च

कल्पना संपल्या. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि मागच्या शेडमध्ये जाऊन बसले. चार महिने इथे काम करतेय आणि ती शेड आज पहिल्यांदा नीट पाहिली. लिहायलाही लाज वाटते.

नत्थूजी फिटर पेरणीयंत्र जोडून ठोकळ्यांवर चढवतात. मग तपासणीवरची कांताबाई पेटीत सोयाबीन ओतते, नऊ नळ्यांखाली पत्रा सरकवते आणि हातानं चाक फिरवते. दाणे पत्र्यावर पडायला लागतात. मी वाकून बघत होते, कांताबाई मात्र भलतीकडेच बघत होती. मला वाटलं, हिचं लक्ष नाही. तेवढ्यात म्हणाली, "नत्थूजी, चवथी नळी हुकून राह्यली."

नत्थूजींनी चौथ्या नळीवरची, दाणे सोडणारी चकती काढली. एका खाचेत लोखंडाचा एवढासा कंगोरा राहिला होता. नखालाच लागला, डोळ्यांना दिसत नव्हता!

विचारलं, कांताबाई, तुला कळलं कसं? तर रोहण्याला, तिच्या गावी, बावीस वर्षं ती तिफणीमागे चालली आहे. बांबूच्या नळीला वर वाटी असते, त्याला सरतं म्हणतात. त्यात मुठीतून तुरीचा दाणा दाणा सोडत जायचं, बैलांच्या चालीनं, म्हणजे तासात, पेरणीच्या ओळीत, सारखे पडतात.

"मूठ हुकली का तासात जागा खाली राह्यते, बाई. ते जागा मंग चार महिने साऱ्या गावाले दिसते. येनारा-जानारा विचारते, कोनं पेरलं व हे? म्हून कान लावाची सवय लागली."

या आठवड्यात वीस मशिनी तिच्यापुढे आल्या. सात तिनं परत पाठवल्या. कुणी हूं की चूं केलं नाही, बबनरावांनीसुद्धा नाही. तिनं नापास केली की मशीन मागे फिरते, असा इथला रिवाजच आहे आणि मला तो माहीत नव्हता.

६ मार्च

डबा खाता खाता लिहून काढलं. सरत्याचं इंग्रजी काही सुचेना, म्हणून सरळ मराठीत. धडा नाही, सूत्र नाही, नम्रता नाही! पाहिलं तेवढंच. शेवटची ओळ — 'या आठवड्यात कांताबाईंनी वीसपैकी सात मशिनी नापास केल्या.' कांताबाईला विचारून फोटो लावला आणि पोस्ट टाकली.

७ मार्च

आज माझी खैर नव्हती. बबनरावांना कुणीतरी पोस्ट दाखवली. ते थेट टेबलाशी आले. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, मयुरी! बैलबजारात आपलाच बैल लंगडा हाय म्हून कोनी बोंबलते का? सात! सात आकडा बी लिवला! आत्ताच्या आत्ता काढ ते."

काढते म्हणाले. पासवर्ड दोनदा चुकला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे भरलेच.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. यवतमाळचा कुणी दुकानदार. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला — "सात मशिनी नापास करनारी बाई तुमच्याकडंच हाय का? तिनं पास केलेल्या मले बारा पाह्यजे."

बबनरावांनी आवाज खाली आणला. "हो... हाय नं... आमचीच हाय." फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे.

"राहू दे सद्या," म्हणाले.

१२ मार्च

तेवीस!! तेवीस खऱ्या चौकशा! नत्थूजींना सांगितलं तर म्हणाले, आता दहाच्या वरच्या परत कर. टिंगल करतात मेले.

कांताबाईला सगळ्या कॉमेंट वाचून दाखवल्या. तिला काही समजेना. "हे लोकं मले काऊन शाबासकी देऊन राह्यले? काम तं रोजचंच हाय." जरा वेळानं हळूच — "माह्या रोहण्याच्या मान्साईले दिसन का व हे?"

दिसेल म्हटलं.

१३ मार्च

कांताबाई नवं लुगडं नेसून आली. फोटो पुन्हा काढ म्हणाली, आधीचा रोहण्याला चालणार नाही.

१९ मार्च

एक्केचाळीस. अनुपदादाला कळवलं, माझ्यासाठी खोली बघू नको. आईनं शिरा केला. टॉवेलही मी स्वतः वाळत घातला, एवढी खूश आहे!

३१ मार्च

बबनरावांनी बोलावलं. पेढे ठेवले पुढे. "तू जितली, बाई. सत्तावन्न." मी पेढा तोंडात टाकला आणि ते म्हणाले, "आता लिवनं बंद कर."

कांताबाईचे कान दिवसाला चारच मशिनी तपासू शकतात. पाचव्या मशिनीला थकतात, ती स्वतःच सांगते. मृगाच्या पेरणीपर्यंतच्या सगळ्या मशिनी आधीच विकल्या गेल्यात. "अजून लोकं बलावले तं त्यायले देऊ काय मी? तुले काढाचं मले बरं नाई वाटत. पन तुले काम काय देऊ?"

म्हणजे दहाच्या जागी सत्तावन्न आणले, म्हणून माझी नोकरी गेली! मला हसू आलं. पेढा तोंडात, आणि मग एकदम रडूच यायला लागलं. कुणावर चिडावं तेही कळेना. धड हरले असते तर चिडता तरी आलं असतं.

कांताबाई दारातच उभी होती. कधी आली होती कोण जाणे.

"भाऊ, लिवनं बंद करा. पोरीले नका बंद करू. मले जोडीले दुसरा कान पाह्यजे."

"हिले काय येते त्यातलं?"

"मले कुठी येत होतं? सासूनं शिकवलं. पह्यल्या साली साऱ्या गावानं माह्यं तास पाह्यलं."

बबनरावांनी मृगापर्यंत वेळ दिला. तोवर शिकले तर शिकले.

८ एप्रिल

मला नुसता खडखडाट ऐकू येतो! नऊ नळ्या म्हणजे नऊ बायका एकदम बोलतात तसं.

कांताबाईनं चाकाला हातच लावू दिला नाही. आधी अंगणात अनवाणी चालायला लावलं, मुठीतून दाणा दाणा सोडत, वीस पावलं. मग मागे वळून मोकळ्या जागा मोजायच्या. वीस पावलांत अठ्ठावीस निघाल्या! ती पदर तोंडाला लावून हसली. "बरं झालं वावर नाई हे!"

२२ एप्रिल

आज सहावी नळी हुकलेली ऐकली! पाचवी होती. पण काहीतरी ऐकू आलं की!

९ मे

कांताबाई भाचीच्या लग्नाला गेलेली. तीन मशिनी तपासायच्या होत्या, ट्रक दाराशी इंजिन चालू ठेवून उभा. बबनराव म्हणाले, "सांग." मी दुसरी नापास केली. "पक्कं?" पक्कं, म्हटलं. नत्थूजींनी चकती उघडली, बोट फिरवलं आणि कंगोरा घासायला कानस मागितली.

ट्रक दोनच मशिनी घेऊन गेला.