तिसऱ्या थांब्यावरची मासवडी

आई, गेल्या महिन्यात मी वाइन प्यायले. सांगायचं आहे ते दुसरंच, पण हे त्यातल्या त्यात सोपं, म्हणून आधी सांगून टाकते. तुझ्या नातीनं वाढदिवसाला मला एक सहल भेट दिली. सहल म्हणजे लांब कुठे नाही, इथेच, पुण्यात. सहाच माणसांचा गट, बरोबर माहिती सांगणारी एक बाई. शनिवारी सकाळी अकराला निघायचं, शहरात तीन ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी काहीतरी खायचं आणि त्याच्याबरोबर कोणती वाइन चांगली लागते ते शिकायचं. पोरगी स्वतः येणार होती, आयत्या वेळी तिला ऑफिसचं काम निघालं. मी म्हटलं, एकटी जाऊन मी काय करू? तर म्हणाली, "अगं, कायम सगळ्यांना वाढत असतेस. एक दिवस नुसती बसून खा." म्हणून गेले. बंगळुरूहून आलेले नवराबायको, दोन मैत्रिणी, एक निवृत्त प्राध्यापक आणि मी. पहिल्या ठिकाणी ग्लास कसा धरायचा, कसा हलवायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवलं. मी भीत भीत घोट घेतला. आधी आंबट लागली, मग घशात जराशी ऊब आली. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस असं मनात आलं आणि मलाही हसू आलं. तोवर मी तुझ्यावर रागावलेली नव्हते.

दुसऱ्या ठिकाणी कबाब होते. तिसरं ठिकाण म्हणजे एका जुन्या बंगल्याचा तळमजला, सात-आठ टेबलं, मागं स्वयंपाकघर. आमची माहिती सांगणारी बाई म्हणाली, "आता जुन्नर-आंबेगावकडची खासियत. मासवडी, आणि तिच्यासोबत ही पांढरी वाइन." आई, माझी छाती अशी फुगली! प्राध्यापकांनी विचारलं, यात मासा असतो का? मग मीच सगळ्यांना समजावत बसले, की मासा औषधालासुद्धा नसतो, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण भरायचं आणि फडक्यासकट उचलून माशाच्या आकाराची वळकटी करायची, मग वड्या पाडून झणझणीत रश्शाबरोबर खायच्या. सगळे ऐकत होते. ताटली आली. वडीला बाहेरून खसखस लागलेली. मी तुकडा तोडून तोंडात घातला आणि बोलणं तिथंच थांबलं. सारणात भाजलेली कारळी होती. मासवडीत कारळी घालणारी आमच्या सबंध आळीत तू एकटीच. शेजारच्या काकूंनी कितीदा विचारलं, काय घालता हो? तू म्हणायचीस, "काय न्हाई, हाताचा गुण."

मनानं मी तुझ्या त्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. मी चौदा-पंधरा वर्षांची आहे. खिडकीतून कळंबच्या हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येतोय, तू पाटावर बसली आहेस, गरम पिठावर पाण्याचा हात मारत थापते आहेस. मी म्हणते, मला शिकव. तू फडकं माझ्या हातात देतेस. "वलं पायजे, चिंब न्हाई," म्हणतेस. माझी वळकटी मधोमध फाटते. दुसरीही फाटते. तू फडकं काढून घेतेस आणि म्हणतेस, "ऱ्हाऊ दे. तू आब्यास कर. तुझ्या हाताला हे न्हाई यायचं." त्यानंतर तू मला कधी शिकवलं नाहीस. मी ते प्रेम समजले. पोरीनं चुलीपाशी अडकू नये म्हणून आई असं म्हणते, असं मी माझ्या लेकीलाही सांगत आले.

ताटल्या अर्ध्या झाल्या तेव्हा मालकीणबाई पाहुण्यांना भेटायला बाहेर आल्या. सुती साडी, केस जवळजवळ पांढरे, चष्मा. वहिनी होती. दादाची पहिली बायको. कपाळावर डाव्या भुवईच्या वर तो व्रण अजून आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते एकदा ओळीनं लिहायचं आहे. ती मंचरच्या कॉलेजात माझ्या वर्गात होती. माझी मैत्रीण म्हणून घरी यायची, तुला आवडली आणि दादाचं स्थळ मीच तिच्याकडे नेलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी पुण्यात नोकरीला लागले होते, सुट्टीला घरी आले, आणि माझ्या डोळ्यांदेखत दादानं तिचे केस धरून तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. कारण काय, तर भाकरी गार होती. मी तिला मागच्या पडवीत नेलं, रक्त पुसलं, हळद दाबून धरली. ती दुसऱ्या दिवशी माहेरी राजुरीला गेली ती परत आली नाही. पंधरा दिवसांनी तिथं बैठक ठरली. निघायच्या आधी सकाळी तू मला चुलीपाशी बोलावलंस. "तुला इचारतील," म्हणालीस. "म्हणायचं, मी काय पायलं न्हाई. खोटं बोल म्हणत न्हाई मी. फकस्त पायलं न्हाई म्हणायचं." मी म्हटलं, आई, मी पाहिलंय. तू माझ्या गालावरून हात फिरवलास. "दादाचं नाव गेलं तर तुला कोण करून घेईल? तुझ्यासाठीच सांगती मी."

राजुरीत त्यांच्या ओसरीवर दोन्हीकडची माणसं बसली. दादा म्हणाला, ती पाय घसरून पडली. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. "हिला इचारा. हिनं माझ्या कपाळाला हळद लावली." सगळे माझ्याकडे वळले. तू जमिनीकडे बघत होतीस. मी म्हणाले, "मी काही पाहिलं नाही." तिचे वडील उठले आणि आत निघून गेले. ती रडली नाही. माझ्या हातांकडे बघत राहिली. दोन्हीकडच्यांनी पोरीचाच दोष ठरवला आणि सोडचिठ्ठी होऊन अंगावरच्या कपड्यांनिशी ती आपल्या घरातून सुटली. परतीच्या एसटीत तू मला खिडकीची जागा दिलीस आणि नारायणगाव यायच्या आत म्हणालीस, "आता तिचं नाव काढायचं न्हाई. भेटायचं बी न्हाई. माझी शपथ हाय तुला."

मी शपथ पाळली. दीड वर्षानं ती पुण्यात माझ्या ऑफिसात आली होती. खोली भाड्यानं घ्यायची होती, ओळखीचं कोणीतरी हवं होतं. मी काचेआडून तिला पाहिलं आणि शिपायाला सांगितलं, मॅडम रजेवर आहेत म्हण. ती अर्धा तास बाकड्यावर बसली, मग गेली. त्या दिवशी माझा डबा मी उघडलाच नाही. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तिचं नाव न काढायची तुझी शपथ मोडली असती.

तर ती टेबलाशी उभी राहिली आणि तिची नजर माझ्यावर आली. तिनं मला ओळखलं, यात शंका नाही. प्राध्यापकांनी विचारलं, हे कुठं शिकलात? माझ्याकडे न बघता ती सांगू लागली. "मी डबे करायची आधी, एका खोलीत. तेव्हा एक बाई आमच्याकडनं यायच्या, एसटीनं. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी. मोठ्या व्हत्या वयानं. त्यांनी शिकवलं. सहा-सात महिने माझी वळकटी फाटायचीच. त्या म्हणायच्या, फाटू दे, परत कर. आकरा वर्षं आल्या. हे सगळं त्यांच्यामुळं उभं राहिलं." बंगळुरूची बाई म्हणाली, किती सुंदर! सगळ्यांनी ग्लास उचलले. मीही उचलला.

पहिला मंगळवार. आई, पहिल्या मंगळवारी तू गुडघ्याच्या इंजेक्शनला पुण्यात यायचीस. संध्याकाळी माझ्याकडे मुक्काम. मी किती वेळा म्हटलं, अर्धी रजा टाकते, दवाखान्यात तुझ्याबरोबर येते. "तुझी रजा कशाला मोडती," म्हणायचीस. रात्रीचं जेवण झालं की मी तेल कोमट करून तुझे गुडघे चोळायचे आणि तू डोळे मिटून पडायचीस. तुझ्या बोटांना कारळीचा वास यायचा का, ते मी आता आठवून बघते. येत असेल. मला तो आपल्या घराचा वास वाटला असेल.

आमच्या माहिती सांगणाऱ्या बाईनं उत्साहानं विचारलं, "अहो, ह्या मॅडमपण तुमच्याच भागातल्या आहेत! ओळखता का एकमेकींना?" मी म्हणाले, "नाही." इतक्या पटकन, की मलाच ऐकू आलं. वहिनीनं माझ्या ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोठा मुलूख हाय तो, सगळे कुठं ओळखीचे असतात?" आणि आत गेली. माझ्या ताटलीत तीन वड्या उरल्या होत्या.

दहा दिवसांनी मी पुन्हा गेले, एकटी, दुपारी तीनला. जेवणाची वेळ उलटून गेली होती. ती टेबलावर कोथिंबीर निवडत बसली होती. तिनं पायानं समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले. मीही एक जुडी ओढून निवडायला घेतली. मग मी विचारलं, आई कधीपासून येत होती?

"तू ऑफिसात भेटली नाहीस, त्याच्यानंतर दोनेक महिन्यांनी. नारायणगावच्या बाजारात माझ्या आईला गाठून पत्ता घेतला व्हता. दारात आल्या तवा मी म्हटलं, आता हिला हाकलती. तर आत्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, पीठ हाय का घरात? माझ्यानं दुसरं काय देणं व्हणार न्हाई."

"माफी मागितली?"

"नाय. हात जोडले एकदा, पाच-सहा वर्षांनी. त्या दिवशी लई पाऊस व्हता, एसटी नव्हती."

मग मी तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी मी गेले होते. माझं काही म्हणाली का? वहिनीनं हातातली काडी मोडली. "मी एकदा इचारलं. म्हटलं, आत्या, सगळे बोलले ते बोलले, पर हिनं असं का केलं असंल? माझी मैत्रीण ती. तर पीठ थापता थापताच म्हणाल्या, तिचं तिला ठाऊक."

आई, मी हे वाक्य रोज उलटंपालटं करून बघते. तिचं तिला ठाऊक. तू दादाचा गुन्हा झाकलास, तो आईचा जीव म्हणून मी समजून घेतला होता. तू मला खोटं बोलायला लावलंस, तेही माझ्या लग्नासाठी म्हणून पोटात घातलं. पण तू एकटी गेलीस. आपल्या दोघींनी मिळून जे केलं होतं ते तू अकरा वर्षं मंगळवारी मंगळवारी फेडत राहिलीस, आणि मला त्यातली एक खेपही दिली नाहीस. तिथं बसून "पोरीला मीच सांगितलं व्हतं" एवढं म्हणायला तुझी जीभ का वळली नाही? मला शपथेत ठेवलंस आणि तू मोकळी झालीस. जे माझ्या हाताला येणार नाही म्हणालीस, ते तिच्याकडून सात महिने फाडून घेऊन शिकवलंस. मी तुझी मुलगी होते.

मी तिला सगळं सांगून टाकलं. ती सकाळ, चूल, गालावरचा हात, शपथ, काचेआडून पाहिलेलं बाकडं. माझा आवाज चढला होता, आतून कोणीतरी डोकावून गेलं. वहिनीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. आत्या उगाच नव्हत्या येत." मला वाटलं, आता ती माझा हात धरेल. तिनं कोथिंबीर गोळा करून ताटात ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "पर तू पंचवीस वर्षांची व्हतीस. नोकरी करत व्हतीस. पगार घेत व्हतीस. आत्यांनी सांगितलं, खरंय. बोललीस तू."

मी पर्स उचलली. ती दारापर्यंत आली, म्हणाली, "जेवायच्या वेळेला आली असतीस तर बरं झालं असतं." मी रिक्षा केली.

दादाला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तो आता नातवंडांत रमलाय, फोनवर तब्येत विचारतो. माझ्या लेकीनं विचारलं, सहल कशी झाली? मी म्हटलं, छान. तुझ्यावरचा राग अजून तसाच आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. कदाचित जाऊही नये. चार दिवस झाले हे लिहिते आहे, पानांमागून पानं, तुला, जिला पोचायचंच नाही. तुझ्याशी भांडायला मला कितीही वेळ मिळतो. तिचं घर माझ्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. त्या दिवशी तासभर मी तिच्यासमोर बसले, सगळं बोलले, तुझ्याविषयी बोलले. "माझं चुकलं" हे मात्र तिला म्हणाले नाही. अजून म्हणालेले नाही.